जोर ठेवून गेलेले पाणी

सलीमभाईंचा फोन सकाळी आला. सलीमभाई बोरी अरबला वेल्डिंगचे दुकान चालवतात आणि फोनवर कधी लांबण लावत नाहीत. "पेपरवाले, मनोहरभाऊ गेले. झोपेतच गेले," ते म्हणाले. मागे दुकानातला आवाज चालू होता. मग ते म्हणाले, "मशीन चालू आहे." फोन बंद झाला. यवतमाळात वार्ताहर म्हणून माझी नोकरी झाली, त्या हिशेबाने पाहिले तर शेवटचे वाक्य कापायचे होते. माणूस गेल्याच्या बातमीत मशीनचे काय काम? पण मनोहर भगतला ओळखणाऱ्या कोणालाही पहिल्या वाक्यानंतर लगेच तेच विचारायचे असणार, हे सलीमभाईंना ठाऊक होते. मनोहर असता तर त्यानेही तेच विचारले असते. आता त्याला काही आठवडे झाले आहेत. रडण्यासारखे त्यात फार काही सापडत नाही. जे आठवते त्यात बहुतेक ठिकाणी कोणीतरी हसत असते.

मनोहर बोरी अरबहून आत जाणाऱ्या रस्त्यावरच्या गावचा. आम्ही शाळेत एका बाकावर होतो. पुढे त्याने यवतमाळला आयटीआयमध्ये फिटरचा कोर्स केला आणि एका ओळखीच्याच्या मागे लागून आखातात गेला. त्याआधी त्याने समुद्र पाहिला नव्हता. आमच्याकडे पाणी म्हणजे नाला, विहीर, बोअर आणि पावसाळ्यात अडाण नदी. पहिल्या सुट्टीत तो आला तेव्हा पारावर बसलेल्यांनी समुद्र कसा असतो म्हणून विचारले. तो म्हणाला, "आपल्या शिवारापेक्षा मोठा आहे, अन् प्यायले थेंब नाई." मग त्याने सांगितले की त्याची नोकरी त्याच समुद्राचे पाणी पिण्याजोगे करण्याच्या कारखान्यात आहे. कोणी विश्वास ठेवला नाही. पारावरचे मत असे पडले की एवढा खर्च करून पाणी गोडे करणारे लोक एक तर फार श्रीमंत असावेत किंवा फार तहानलेले. मनोहर म्हणाला, दोन्ही.

पहिला कारखाना उकळण्याचा होता. समुद्राचे पाणी तापवायचे, वाफ करायची, वाफ थंड करून गोडे पाणी गोळा करायचे. तिथे त्याला जे पहिल्यांदा आवडले ते त्याने सुट्टीत सुमनवहिनींच्या स्वयंपाकघरात आणले. कारखान्यात वाफ थंड करायला आत येणारे गार समुद्राचे पाणीच नळ्यांतून फिरवत. वाफ थंड होई आणि येणारे पाणी आपोआप तापे, त्यामुळे पुढे ते उकळायला इंधन कमी लागे. घरी आल्यावर त्याने डाळीच्या पातेल्यावरचे झाकण काढले आणि त्या जागी पाण्याने भरलेला खोलगट गंज ठेवला. डाळ शिजेपर्यंत वरचे पाणी कढत झाले. त्याच पाण्यात कणीक भिजवा, भांडी धुवा, हात धुवा, काहीही करा, पण वाफ अशी सोडू नका, असे तो सांगत असे. आमच्याकडच्या पुष्कळ घरांत बाया हे पूर्वीपासून करतच होत्या. सुमनवहिनींनी ते ऐकून घेतले आणि शेजारणीला म्हणाल्या, "एवढ्या दूर जाऊन माझ्या आजीची गोष्ट शिकून आले. या घरात आता वाफेलेबी सुट्टी नाई."

काही वर्षांनी तो दुसऱ्या कारखान्यात गेला. हा पडद्याचा होता, म्हणजे आपल्याकडे ज्याला आरओ म्हणतात त्याचाच मोठा भाऊ. समुद्राचे पाणी ट्रकच्या टायरमधल्या हवेच्या सात-आठ पट दाबाने पडद्यावर ढकलतात. गोडे पाणी पलीकडे निथळते, मीठ अलीकडे राहते. पण आत गेलेल्या पाण्यातले निम्म्याहून कमीच गोडे होऊन निघते. उरलेले, अधिक खारे झालेले पाणी समुद्रात परत सोडावे लागते. मनोहर त्याला परतीचे पाणी म्हणे. गंमत अशी की त्या परतीच्या पाण्यात दाब जवळजवळ पूर्ण शिल्लक असतो. कारखान्याची बहुतेक वीज तो दाब तयार करण्यात गेलेली असते आणि झडप उघडून पाणी सोडले की ती वीज शिट्टीसारखा आवाज करून समुद्रात जाते. म्हणून तिथे एक यंत्र असते. चिनी मातीसारख्या कठीण पदार्थाचा जाड गोल, त्याला आरपार भोके. एका तोंडाने परतीचे पाणी भोकात शिरते, तिथे आधीच येऊन थांबलेल्या ताज्या पाण्याला पुढे रेटते, आपला दाब त्याला देते आणि रिकाम्या हाताने निघून जाते. मोटर नाही. पाणीच त्याला फिरवते. या यंत्रांची देखभाल मनोहरकडे होती आणि एवढ्यानेच लागणारी वीज जवळपास निम्म्यावर येते, हे सांगताना तो दर वेळी नव्याने खूश होई.

दोन पाणी एकत्र मिसळत कसे नाहीत, असा प्रश्न मी विचारल्यावर त्याने दारव्ह्याच्या स्टँडवरची यष्टी आठवायला सांगितली. मागच्या दारातून गर्दी घुसते, आतल्यांना रेटते, आतले पुढच्या दारातून बाहेर पडतात. "घुसनारे अन् निघनारे एकमेकाले हात लावतेत, पन एकमेकाच्या घरी जात नाईत," तो म्हणाला. सोप्या शब्दांत लिहिण्याचा पगार घेणाऱ्या आम्हा लोकांना यापेक्षा बरे कोणी सांगितले नाही.

निवृत्त होऊन तो गावी परतला तेव्हा गावात पाण्याचा लहान आरओ बसलेला होता. आमच्या भागातल्या कित्येक बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात, म्हाताऱ्यांचे गुडघे आखडतात. म्हणून ग्रामपंचायतीजवळ एक खोली, छतावर सौर पाट्या, आत पडदे आणि बाहेर नाणे टाकायची पेटी. लोक त्याला पाण्याचे एटीएम म्हणतात. परत आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मनोहर कॅन घेऊन गेला आणि कॅन न भरता खोलीच्या मागे जाऊन उभा राहिला. मागे एका अर्धवट उघड्या झडपेतून परतीचे पाणी नालीत पडत होते. शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता. त्याने पाइपवर तळवा ठेवला. पाइपवर हात ठेवायची त्याची सवय कारखान्यातली. मीटर नंतर बघायचे, आधी हात. घरी जाऊन तो सुमनवहिनींना म्हणाला की तिकडे समुद्र होता म्हणून त्यांना परवडत होते, पण आपण छतावर ऊन गोळा करून नालीत कायले ओतून राह्यलो?

ती शिट्टी त्याच्या डोक्यात बसली. पण तिचे करायचे काय, हे त्याला शांताबाई राठोडांनी दाखवले. गावाला लागून टेकडी आहे आणि टेकडीवर बंजाऱ्यांचा तांडा. तांड्यातल्या हातपंपाचे पाणी गावातल्या बोअरपेक्षा वाईट. एटीएमचे पाणी हवे तर खाली यायचे आणि भरलेला कॅन डोक्यावर घेऊन चढायचे. शांताबाईंचे गुडघे आखडलेले, त्यामुळे त्यांना ते जमत नसे. सून जेवढे आणी त्यावर नातवंडांचे भागे, बाकीच्यांना हातपंपाचे. ग्रामसभेत त्यांनी पाणी वर चढवण्याची मागणी केली होती. एटीएम चालवणाऱ्या पाणी समितीचे उत्तर खरे होते. सौर पाट्यांवर पडदे जेमतेम चालतात, वर पाणी चढवायला दुसरा पंप लावला तर दोन्ही बंद पडतील. शांताबाई खाली बसता बसता म्हणाल्या, "बराबर आहे. पान्याले ताकत लागते वर चढाले. आमचे पायच तेवढे फुकटचे." सभा हसली. मनोहर मागे बसला होता, तो हसला नाही. त्याने त्याच संध्याकाळी तांड्यावर जाऊन टाकीची जागा पाहिली. तांड्याची रीत अशी की दारी आलेल्याला चहा दिल्याशिवाय सोडत नाहीत. शांताबाईंनी त्याला बाज टाकून बसवले, इकडचे तिकडचे विचारले आणि चहाचे नाव काढले नाही. तो उठू लागला तेव्हा स्वतःच म्हणाल्या, "भाऊ, आमच्या पान्याचा चहा तुमाले पाजनार नाई. तुमचं पानी वर येऊ द्या. मंग पाजीन."

मनोहरने ते फार मनाला लावून घेतले. पुढे पुष्कळ दिवस तो तांड्यावर जाई, मोजमाप घेई, बाजेवर बसे आणि चहाशिवाय परते. आखातात राहून आलेल्या माणसाला आपल्या जिल्ह्यात चहा मिळू नये, ही गोष्ट तो ज्याला त्याला सांगत असे.

कल्पना साधी होती. पडद्याकडून सुटणाऱ्या परतीच्या पाण्यात टेकडी चढण्याइतका जोर होता, त्याहून जास्तच होता. मात्र त्या पाण्यात फ्लोराइड गोळा झालेले, ते वर पाठवून उपयोग नव्हता. जोर त्याचा घ्यायचा आणि चढवायचे गोड्या पाण्याला. समुद्राच्या कारखान्यातला फिरता गोल इथे मिळणार नव्हता आणि एवढ्याशा पाण्यासाठी नकोही होता. सलीमभाईंच्या दुकानामागे एका बंद पडलेल्या जिनिंग-प्रेसिंगचे भंगार पडले होते. कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसचे दार उघडणारे-लावणारे दोन लहान सिलिंडर त्यात होते. दोघांनी ते समोरासमोर ठेवून एकाच दांड्याला जोडले. एका सिलिंडरमध्ये परतीचे पाणी दट्ट्या रेटणार, तोच दांडा दुसऱ्यातल्या गोड्या पाण्याला वर ढकलणार, टोकाला पोचला की झडप उलटी पडणार आणि दट्ट्या मागे येणार. दोन पाणी दोन वेगळ्या भांड्यांत, मिसळायचा प्रश्न नाही. जोडता जोडता सलीमभाईंनी विचारले की हे चालेल कशावर? मनोहर म्हणाला, "जे पानी नालीत चाललं, त्याच्यावर. पानी जाते त जाऊ दे, जोर ठेवून जाय म्हना त्याले." हे वाक्य पुढे गावात इतक्या कामांसाठी वापरले गेले की पाहुणे उठू लागले तरी यजमान ते म्हणत.

पहिल्या दिवशी तांडा टाकीभोवती जमला. खाली झडप फिरली, शिट्टी थांबली, यंत्राने टक केले, थोड्या वेळाने पुन्हा टक केले आणि पाणी टेकडी चढले. टाकीच्या नळातून धार आली तेव्हा पोरांनी आरडाओरडा केला. शांताबाईंनी ओंजळ धरली, नाकाजवळ नेली आणि ओंजळ सोडून दिली. "भाऊ," त्या म्हणाल्या, "पानी आलं. पन सरकी पिऊन आलं." पाण्याला तेलाचा वास होता. जिनिंगच्या सिलिंडरमध्ये वर्षानुवर्षे तेल मुरलेले. मनोहरने आयुष्यभर लोखंडातून मीठ धुऊन काढले होते, तेल धुवायचे असते हे त्याच्या डोक्यातच आले नव्हते आणि सलीमभाईंच्या दुकानात सगळ्यालाच तेलाचा वास असल्यामुळे त्यांना तो आला नव्हता. मनोहरने ओंजळ भरून हुंगले, बाजेवर बसला आणि हसू लागला. तो इतका हसला की शांताबाईंना ओशाळल्यासारखे झाले. चहा अर्थातच मिळाला नाही.

समितीला हसू आले नाही, आणि त्यात त्यांचे चुकले नव्हते. गावाला प्यायचे पाणी देणाऱ्या एकमेव यंत्राला भंगारातला सिलिंडर जोडलेला, उद्या पडदे फाटले तर खालचेही पाणी जायचे. ठरले असे की मनोहरने एकदाच पुन्हा करून दाखवावे. तेव्हाही वास आला तर यंत्र काढायचे, पाइप गुंडाळायचा आणि विषय संपवायचा. हे शांताबाईंच्या कानावर गेले. काही दिवसांनी सून खाली आली आणि मनोहरला म्हणाली की याडीनं टाकीखालची जागा रोज झाडून ठेवली आहे. याडी म्हणजे आई, सासूलाही ती तेच म्हणे. सुमनवहिनी सांगतात, त्यानंतर तो जेवतानाही दट्ट्याच्या रबराबद्दल बोले.

सलीमभाईंनी सिलिंडर पूर्ण उघडले. गोड्या पाण्याचा सिलिंडर तर आतून बदललाच, त्यात स्टेनलेस स्टीलची नळी बसवली, पिण्याच्या पाण्याला चालणारी नवी रबरे मागवली. उरलेल्या भागांना सुमनवहिनींनी रिठ्याच्या कढत पाण्यात घातले, धुतले, हुंगले, परत घातले. कढत पाणी अर्थात डाळीवरच्या गंजातले. दोन्ही पुरुषांचे नाक त्यांनी बाद ठरवले होते. मग पाणी यवतमाळला प्रयोगशाळेत तपासून आणले आणि अहवाल स्वच्छ आला. तरी समितीने सांगितले की अहवाल ठीक आहे, पण पिणार शांताबाई आहेत.

दुसऱ्या खेपेला मी तिथे होतो. उन्हाळा संपत आलेला, ऊन चढलेले. टेकडीवर जाणारा काळा पाइप जमिनीवर उघडाच टाकलेला होता आणि हात लावला तर चटका बसेल इतका तापला होता. सलीमभाईंनी खाली झडप फिरवली. शिट्टी थांबली. टक... टक... मनोहर यंत्रापाशी थांबला नाही. तो वाकून पाइपवर तळवा ठेवत चढू लागला. पाणी जिथवर पोचले होते तिथवर पाइप गार झालेला, पुढे तापलेला. तो गाराच्या टोकाबरोबर चालला होता, पाण्याच्या चालीने, मध्ये थांबत, पुन्हा दोन पावले. त्याच्यामागे समितीचे दोघे, मागे मी. अर्ध्या चढावर तो बराच वेळ थांबला, तेव्हा वाटले आटोपले. मग त्याने हात पुढे सरकवला आणि मान डोलावली.

वर शांताबाई चूल पेटवून बसल्या होत्या. चुलीवर किटली होती, रिकामी. नळ आधी खोकला, मग हवा सुटली, मग पाणी आले. पहिले त्यांनी वाहू दिले. मग ओंजळ धरली, हुंगली, चूळ भरली, थुंकली. दुसरी ओंजळ घेतली आणि प्यायल्या. समितीचे दोघे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्या उठल्या, गुडघ्यावर हात देऊन नळापर्यंत गेल्या, किटली भरली, चुलीवर ठेवली आणि वळून मनोहरला विचारले, "साखर किती?"

एवढाच निकाल. समितीचे दोघे बाजेवर बसले आणि त्यांनीही साखर सांगितली. मनोहरने दोन कप घेतले. कसा झाला म्हणून सुनेने विचारले तेव्हा तो म्हणाला की आधी कधी मिळालाच नाही, म्हणून बरोबरी करता येत नाही, पन चांगला आहे. खाली नालीत परतीचे पाणी पडत होते, पण आवाज न करता, पावसानंतर पागोळी गळते तसे.

त्यानंतरच्या काही वर्षांत यंत्र दोनदा गळले आणि एकदा अडकले, तिन्ही वेळा सलीमभाईंनी ते मनोहरला हात न लावू देता दुरुस्त केले. मनोहर जवळ खुर्ची टाकून बसे आणि चुका काढे. माझी त्याची शेवटची भेट अशीच, त्या खुर्चीपाशी झाली. नोकरीतून मोकळा झाल्यावर आता काय करतोस, असे त्याने मला विचारले. काही नाही म्हटल्यावर म्हणाला, "काहून? तुह्यात अजून जोर आहे. नालीत नको सोडू." आणि पाइपवर हात ठेवून दाब पाहू लागला.

त्याच्या घरी त्रिशरण-पंचशील झाले त्या दिवशी तांडा खाली उतरला. शांताबाई सुनेच्या खांद्याला धरून आल्या आणि सुनेच्या हातात कापडात गुंडाळलेली किटली होती. आपल्या पाण्याचा चहा त्यांनी टेकडीवरून भगतांच्या घरी आणला होता. सुमनवहिनींनी किटलीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "एवढ्या मेहनतीनं वर चढवलेलं पानी तुमी परत खाली आनलं? ते असते त वरडले असते." आधी कोणाला कळेना हसावे की काय. मग शांताबाईच हसल्या, मग वहिनी, मग भिंतीला टेकून उभे असलेले सलीमभाई. मेणबत्त्या तेवत होत्या आणि घर हसत होते. चहा सगळ्यांना पुरला.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा तांड्यावर गेलो. एटीएमच्या मागे यंत्र चालू होते, टक आणि मग मधला वेळ आणि टक. शांताबाईंच्या चुलीवर डाळ शिजत होती. पातेल्यावर पाण्याने भरलेला गंज होता, त्या पाण्यातून वाफ निघू लागली होती. हे कोणी शिकवले, असे विचारण्याची गरज नव्हती. त्यांनी त्यातलेच कढत पाणी किटलीत घेतले, चहा लवकर होतो म्हणाल्या, आणि साखर किती ते विचारले. दाती पट्टे नसलेला त्यांचा धाकटा नातू मधूनच हसत माझ्याकडे बघत होता.

निघालो तेव्हा दुपार झाली होती आणि पायवाटेवरचे दगड तापले होते. तांड्यातल्या दोन बाया कामावरून चढत होत्या. जिथे पाइप वाटेला लागून येतो तिथे दोघींनी चालता चालता वाकून तळवा टेकवला आणि बोलणे न थांबवता पुढे गेल्या. मीही वाकलो. पाइप गार होता.